चाळीस मुलं, तीन महिने : धोरण-संशोधनातली माझी इंटर्नशिप

एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर शिक्षणाच्या, शेवटच्या वर्षाला इंटर्नशिप कुठं करायची यावरून आमच्या वर्गात दोन तट पडले होते. एक दवाखाने धरणारा, दुसरा कंपन्यांच्या सीएसआरकडे, म्हणजे सामाजिक कामाच्या विभागाकडे, डोळे लावून बसलेला. मी अर्ज केला तो सहा वर्षांखालच्या मुलांच्या शिक्षणावर संशोधन आणि ॲडव्होकसी (सरकारदरबारी पाठपुरावा) करणाऱ्या एका छोट्या संस्थेत. घरी पहिला प्रश्न आला, "म्हणजे बालवाडीत शिकवणार का?" नाही म्हटल्यावर पप्पांनी पुढं काही विचारलं नाही. मानधनाचा आकडा कळल्यावर मात्र विचारलं.

मुलाखतीआधी संस्थेनं एक काम दिलं होतं. एक शासन निर्णय (जीआर) वाचायचा आणि अंगणवाडी सेविकेला कळेल असा एका पानात लिहायचा. ज्यांनी जीआर वाचलेत त्यांना ठाऊक आहे, पहिलं पान संदर्भांच्या यादीतच संपतं आणि खरा निर्णय शेवटी कुठंतरी दबून बसलेला असतो. ते पान जमलं म्हणूनच मला घेतलं असावं, कारण मार्कशीट कुणी मागितलीच नाही.

पहिले काही आठवडे नुसतं वाचन. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, तो ६ ते १४ वयाचा. तीन ते सहाच्या मुलांसाठी त्यात कलम ११ आहे, पण ते सरकारवर बंधन घालत नाही. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीनंतर सहा वर्षांखालच्या मुलांचं संगोपन आणि शिक्षण अनुच्छेद ४५ मध्ये, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांत आलं. तिथल्या गोष्टीसाठी कोर्टात सरळ हक्क सांगता येत नाही. इकडं २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणतं की पाया तिसऱ्या वर्षापासून घातला जातो, तीन ते आठ हा एकच टप्पा. पाया तिसऱ्या वर्षी आणि हक्क सहाव्या वर्षी, मधली तीन वर्षं अंगणवाडीच्या भरवशावर. अंगणवाडीची ही योजना (एकात्मिक बालविकास सेवा) २ ऑक्टोबर १९७५ ला देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तरी आजही बहुतेकांच्या लेखी अंगणवाडी म्हणजे खाऊ आणि वजनकाटा.

या वाचनात एक गोष्ट हाती लागली आणि पुढचं सगळं काम तिच्याभोवतीच फिरलं. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १३ डिसेंबर २००६ ला आदेश दिला होता : ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं आहेत पण अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केली तर तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी मिळाली पाहिजे. मी संस्थेतल्या आमच्या ताईंना विचारलं, "ऊसतोड मजुरांसारखी वस्ती पाच महिन्यांचीच असेल तर?" त्या म्हणाल्या, "हाच तुझा विषय."

आमचा सांगली जिल्ह्यातला वाळवा तालुका, कृष्णा आणि वारणेच्या मधला पट्टा. इथं ऊसतोडीच्या टोळ्या नव्या नाहीत. लहानपणापासून दिवाळी सरली की गावाबाहेरच्या पडीक रानात कोप्या, म्हणजे मजुरांच्या झोपड्या, उभ्या राहिलेल्या बघत आलोय. २०२४ ला विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं, त्यामुळं आमच्या भागात बऱ्याच टोळ्या त्यानंतर उतरल्या. काही बीडकडच्या, काही आपल्याच जिल्ह्यातल्या जत भागातल्या.

प्रश्नावली संस्थेत तयारच होती, पण बायका पहाटे अंधारात फडावर जातात आणि परत येतात ते चूल पेटवायलाच. त्यामुळं मुलाखती झाल्या त्या भाकरी थापताना. सगळ्यात जास्त वेळ खाल्ला वयाच्या रकान्यानं. जन्मदाखला गावाकडच्या पेटीत, आधार कार्ड कधी टोळी आणणाऱ्या मुकादमाकडं. मग घटनांची दिनदर्शिका करायची. पोळ्याच्या आधी की नंतर? गेल्या निवडणुकीला रांगत होतं की चालत होतं? एक बाई तव्यावरची भाकरी उलटता उलटता म्हणाली, "लाकडाऊनला आमी हितंच कारखान्यावर अडकलो होतो ना, तवा ह्ये माझ्या पोटात. गावाकडं सोडलं अन् आठ-पंधरा दिसांत झालं." मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि ऊसतोड मजुरांना घरी जायला परवानगी मिळाली ती एप्रिल २०२० च्या मध्यात. म्हणजे पोरगं साडेचार वर्षांचं. रकाना भरला. ते पोरगं तेवढ्यात उसाच्या कांड्या लांबीप्रमाणं ओळीनं लावत बसलं होतं, कुणी न सांगता. अंगणवाडीत हेच करून घ्यायला साहित्याचा संच लागतो.

एका तळावर मुलांची संख्या चाळीसच्या वर गेली. गावातल्या अंगणवाडीत मात्र त्यातलं एकही जात नव्हतं. आधी मला वाटायचं अंतराचा प्रश्न असेल. अंतर होतंच, पण त्याहून मोठा प्रश्न वेळेचा. अंगणवाडी दुपारी सुटते, आई दिवस मावळताना येते. मधल्या वेळात पोरगं कुणाच्या जिवावर सोडायचं? त्यापेक्षा फडात बांधाला बसलेलं बरं, नजरेसमोर तरी राहतं. केंद्र सरकारच्या मिशन शक्तीखालची 'पाळणा' योजना सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांना दिवसभर सांभाळण्यासाठीच आहे, पण तळावर तिचं नावही कुणी ऐकलेलं नव्हतं.

सेविकेवर खापर फोडणं सोपं आहे. संशोधनाच्या अहवालांत ते नेमानं फोडलंही जातं. त्या गावच्या सेविकाबाई मला म्हणाल्या, "बाळा, मला नको म्हणायची हौस नाही. पण हजेरीत नसलेल्या पोराला खिचडी वाढली तर ती कुणाच्या ताटातली?" आहार येतो तो नोंदीवर. पोषण ट्रॅकर या नोंदींच्या ॲपमध्ये स्थलांतरित लाभार्थी दुसऱ्या अंगणवाडीकडं वळवायची सोय आहे, पण त्यासाठी मूळ गावात नाव नोंदलेलं असायला हवं आणि कागद हाताशी हवेत. बाईंचं म्हणणं मी अहवालात जसंच्या तसं घेतलं.

नंतर ॲडव्होकसी. हा शब्द ऐकला की मोर्चा डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात ते आवक-जावकचा शिक्का घेण्याचं काम आहे. मुलं महिला व बालविकासची, मजूर सामाजिक न्यायचे, कारखाना साखर आयुक्तांचा, सहा वर्षं झाली की पोरगं शालेय शिक्षणाचं. प्रत्येक टेबलावर चहा मिळाला आणि पुढच्या टेबलाचा पत्ता मिळाला. आमचा इंग्रजी अहवाल जाडजूड होता, तो कुणी उघडला नाही. मराठीतलं दोन पानी टिपण मात्र एका अधिकाऱ्यांनी तिथंच, पेन घेऊन वाचलं. त्यात मी बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीचं काम घातलं होतं. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हणून १९४५ पासून त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. अधिकारी म्हणाले, "हे ठीक आहे, पण मागणी कोण करणार? हे तर मार्चमध्ये जाणार." टोळीनं डिसेंबरात अर्ज केला तर तीन महिन्यांची मुदत संपेपर्यंत कोप्या मोडलेल्या असतात. न्यायालयाचा आदेश मोडत कुणीच नाही आणि अंगणवाडीही होत नाही.

त्यावर आमच्या ताईंनी तोड काढली : मागणी टोळीनं करायची नाही, गावानं करायची, आणि हंगामाच्या आधी. माझी इंटर्नशिप उन्हाळ्यात संपली होती, पण तळाशेजारचं ते गाव माझ्या आत्याचं. त्यामुळं सरपंचांच्या मागं लागायचं काम माझ्याकडंच आलं. "बाहेरच्या पोरांसाठी आपण ठराव का करायचा?" असं ग्रामसभेत एकानं विचारलं. आत्या उठून म्हणाली, "ऊस कुणाचा तोडतात रं ती?" १५ ऑगस्ट २०२५ च्या सभेत ठराव झाला : हंगामापुरतं तळावरच केंद्र आणि त्यासाठी वाढीव आहार.

प्रकल्प कार्यालयानं उलट टपाली मुलांची नावनिशीवार यादी मागवली. मुलं तेव्हा बीडला. आम्ही गेल्या हंगामाची यादी जोडली, वयं एकेक वर्षानं वाढवून, आणि खाली लिहिलं की अंतिम यादी टोळ्या उतरल्यावर आठवड्यात देऊ. मुकादमाचा नंबर माझ्याकडं आहे. यंदा किती कोयते, म्हणजे तोडणाऱ्या जोड्या, येणार हे त्याला दसऱ्यापर्यंत कळतं.