चोर्ला घाटात गाडी लोड का घेत नव्हती

गोव्यातल्या साखळी गावात माझा मंडप, लाइट आणि जनरेटर भाड्याने द्यायचा धंदा आहे. दिवाळी उलटली की सत्तरी-डिचोलीकडे जत्रा आणि काले सुरू होतात, देवळासमोर रात्रभर नाटकं चालतात, आणि अंक रंगात आलेला असताना अंधार झाला तर पहिली शिवी वीजखात्याला नाही, जनरेटरवाल्याला. त्यामुळे जनरेटर ट्रॉलीवर कायमचा बसवलेला आणि ट्रॉली पिकअपच्या मागे. ट्रॉलीसकट वजन दीड टन. शिवाय हौद्यात केबलची भेंडोळी, फोकस, डिझेलचे कॅन.

साखळी, होंडा, वाळपई, अगदी फोंड्यापर्यंत ही गाडी कधी कुरकुरली नाही. कुरकुर सुरू व्हायची ती केरी सोडल्यावर. अंजुणे धरण मागे पडलं की चोर्ल्याचा चढ लागतो, आणि वरच्या सुर्लात (डिचोलीतलं खाणींचं सुर्ल वेगळं), कर्नाटकच्या हद्दीपलीकडे चोर्ल्यात, कणकुंबीत आमची जुनी गिऱ्हाइकं आहेत. गेल्या हंगामात त्या चढाला गाडीने लोड घ्यायचं सोडलं. ॲक्सिलरेटर तळाला टेकलेला, गाडी दुसऱ्या गिअरात, तरी आरपीएम उतरत जायचा. वळणावर पहिला टाकायचा आणि रांगत निघायचं. मागे बेळगावच्या भाजीच्या गाड्यांची रांग आणि हॉर्न.

"दादा, इंजिन गेलं बहुतेक," ड्रायव्हर म्हणाला. तो आमच्याकडे लहानपणापासून आहे, त्यामुळे वाईट बातमी सांगताना आडपडदा ठेवत नाही.

सपाटीला ठणठणीत आणि चढाला मेलेली, असं का, याचा हिशेब मी एका रात्री बिलाच्या मागच्या बाजूला मांडला. सपाट डांबरी रस्त्यावर दीड टनाची ट्रॉली ओढायला वीस-पंचवीस किलोचा जोर पुरतो. शंभर मीटरला सात मीटर चढ आला की त्यात आणखी १०५ किलोची भर पडते. म्हणजे एकट्या ट्रॉलीसाठीच पाचपट जोर. गाडी, सामान आणि ट्रॉली मिळून साडेचार टन धरले, तर अशा चढावर ताशी ३० किलोमीटर राखायला चाकांपाशीच चाळीसेक हॉर्सपॉवर लागते. आमच्या पिकअपचं इंजिन सत्तरच्या आसपासचं. त्यातली तिसऱ्या हिश्श्याहून जास्त ताकद कुठे गळून गेली, तरी साखळीच्या बाजारात कुणाला पत्ता लागणार नाही. घाटात मात्र लगेच सगळं उघडं पडतं. म्हणून गॅरेजवाला रिकामी गाडी घेऊन तिठ्यापर्यंत जाऊन येतो आणि 'गाडी मस्त आहे' म्हणतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याची चाचणीच चुकीच्या जागी असते.

वर हवा विरळ असते म्हणून गाडी दमते, असंही एकाने सांगितलं. चोर्ला साधारण ८०० मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब खालच्यापेक्षा आठेक टक्क्यांनी कमी, आणि तेवढं टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा, भरून काढतो. शिवाय आमची गाडी पायथ्याच्या वळणांतच बसायची. तिथे कुठली आली विरळ हवा?

सुरुवात ट्रॉलीपासून केली, कारण इंजिन कमी ओढतंय की मागून कोणीतरी धरून ठेवतंय, हे आधी वेगळं करायला हवं. केरीत ट्रॉली सोडली आणि तोच चढ नुसत्या गाडीने चढून बघितला. बरी गेली, पण पूर्वीसारखी नाही. मग ट्रॉली जोडून, ब्रेकला फारसा पाय न लावता, वरपर्यंत जाऊन थांबलो आणि चाकांच्या मधोमध हात धरला. डावा हब कोमट. उजव्याजवळ हात ठेववेना, आणि लायनर जळल्याचा तो ओळखीचा वास. उजव्या बाजूच्या हँडब्रेकची केबल गंजून आत अडकली होती, शू ड्रमला घासतच होता. पावसाळाभर ट्रॉली उघड्यावर उभी असते, दुसरं काय होणार. केबल बदलली, लायनर घासले, बेअरिंगला नवं ग्रीस भरलं. फरक पडला, पण ड्रायव्हरचा चेहरा काही खुलला नाही.

मग फिल्टर. डिचोलीच्या खाणपट्ट्यातून फिरणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर ज्याने झटकून पाहिला असेल त्याला सांगायला नको. २०१८ मध्ये खाणी पुन्हा बंद पडल्या तेव्हा फिल्टर जास्त टिकायला लागले होते. ट्रक परत धावू लागल्यापासून तांबडी धूळही परत आली. नवा टाकला. डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत डिझेल काढलं, तर तळाशी पाण्याचा बोटभर थर. पंपावरून कॅन भरून आणायचे आणि तेच गाडीत ओतायचे, त्याचा हा प्रसाद. तोही फिल्टर बदलला. गाडी सकाळी सुरू व्हायला हलकी झाली, घाटात तीच रड.

इथून पुढे गॅरेजांच्या फेऱ्या. एकाने इंजेक्टर आणि पंप दोन्ही काढायचे म्हणून पाच आकडी अंदाज दिला. दुसऱ्याने बॉनेट उघडलं, कान लावला आणि 'टर्बो गेला' म्हणून निकाल दिला. कशावरून, तर शिट्टी वाढलीय. मी म्हटलं, टर्बोच्या तोंडचा पाइप काढून दाखवा. काढला. आतल्या चक्राला बोटाने हलवून बघितलं, आडवं किंचित हलत होतं, पण पाती घराला कुठे घासत नव्हती, आणि पुढे-मागे तर खेळ नव्हताच. पाइपात तेलाचा पातळ थर होता, तो बहुतेक टर्बो गाड्यांत असतोच. टर्बो असा जात नाही. एक्झॉस्टचा थोडा धूर परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्हही उघडला, काजळी खरवडली, तो नीट मिटत होता.

सगळ्यांना बुचकळ्यात टाकणारी गोष्ट म्हणजे धूर. आमच्या भागातले जुने मिस्त्री सायलेन्सरच्या तोंडाकडे बघून रोग सांगतात, आणि जुन्या गाड्यांना ते बरोबरही आहे. यांत्रिक पंप डिझेल ओततच राहतो. हवा कमी पडली की काळाकुट्ट धूर निघतो. आमची गाडी बीएस-४ या नव्या प्रदूषण नियमांतली, कॉमन रेलची, म्हणजे एकाच नळीत (रेलमध्ये) दाबाने भरलेलं डिझेल कॉम्प्युटरच्या हुकमाने सोडणारी. तिचा कॉम्प्युटर आत किती हवा येतेय ते सेन्सरवरून बघतो, आणि हवा कमी दिसली की डिझेलही कमी सोडतो. धूर नाही, डॅशबोर्डवर दिवा नाही, आणि ताकदही नाही. 'धूर नाही म्हणजे हवेचा प्रॉब्लेम नाही' असं मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं, ते सगळे जुन्या पंपाच्या हिशेबाने बोलत होते.

म्हणून मी ब्लूटूथचा एक साधा स्कॅनर मागवला. स्टिअरिंगच्या खाली खाच असते तिथे लावायचा आणि मोबाइलवर आकडे बघायचे. फॉल्ट कोड एकही नव्हता. पण मला कोड नको होता, मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा शिरते त्या नळीतला, दाब हवा होता. यात एक गोम आहे. इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवली की हा सेन्सर बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. साखळीत १०० किलोपास्कल दाखवत होता, चोर्ल्यात वर ९२. म्हणजे सेन्सर खरं बोलतोय, हे एका पैशाचा खर्च न करता कळलं. आणि टर्बो किती हवा दाबतोय हे बघताना त्या आकड्यातून हे शंभर वजा करायचे. अनेक जण १४० बघून खूश होतात, प्रत्यक्षात टर्बोची कमाई फक्त ४० असते.

घाटात ड्रायव्हर चालवत होता, मी मोबाइल धरून बाजूला. पहिल्या चढाला, दुसऱ्या गिअरात, पूर्ण ॲक्सिलरेटरवर आकडा १४० च्या आसपास चढला आणि तिथेच अडकला. याच जातीची गाडी असलेल्या एका मित्राच्या मोबाइलवर हाच आकडा दोनशेच्या वर जात होता. डिझेलच्या रेलमधला दाब मात्र कॉम्प्युटर मागत होता तेवढा मिळत होता, म्हणजे पंप-इंजेक्टरचा अंदाजखर्च तिथेच वाचला. आता प्रश्न एवढाच उरला, की टर्बो हवा दाबत नाही, की दाबलेली हवा वाटेत कुठे पळते.

टर्बोतून निघालेली गरम हवा रबराच्या पाइपातून इंटरकूलरला जाते, तिथे गार होते आणि दुसऱ्या पाइपातून इंजिनात. यात कुठे भोक असेल तर लोहाराने फाटका भाता कितीही जोरात मारला तरी काय उपयोग. अडचण अशी, की उभ्या गाडीत हे भोक दिसत नाही. दोन्ही पाइप आम्ही वरून हात फिरवून बघितले होते, क्लिपाही आवळल्या होत्या.

वाळपईच्या रस्त्यावर टायरचं दुकान चालवणारा एक ओळखीचा आहे. त्याच्याकडे काँप्रेसर. हार्डवेअरमधून पीव्हीसी पाइपाचं टोपण आणलं, त्याला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवला, आणि ते टोपण टर्बोच्या तोंडावर रबरी तुकड्याने आणि क्लिपांनी आवळून लावलं. अगदी तोंडावर, म्हणजे इंजिनाच्या ब्रीदरचा (पोटातली वाफ बाहेर काढणारा) पाइप जिथे येऊन मिळतो त्याच्या पुढे. तो पाइप टोपणाच्या आत सापडला तर हवा थेट इंजिनाच्या पोटात जाऊन ऑइल सील बाहेर येतील. दाबही जपून, १२-१५ पीएसआयच्या वर नाही. टायरवाल्याचा हात सवयीने तीसकडे जात होता.

"पात्रांव, टायर न्हय हो!" मी ओरडलो तेव्हा तो हसत थांबला.

इंजिन थोडं तापवूनच बंद केलेलं होतं, कारण रबर गरम असताना जास्त उघडतं. हवा सोडली. आधी इंजिनाच्या बाजूने हलकी सुसू, ती उघड्या व्हॉल्व्हमधून जाणारी, ती असणारच. मग ड्रायव्हरने भांड्याच्या साबणाचं पाणी बाटलीने पाइपांवर मारायला सुरुवात केली. वरून काही नाही. क्लिपांपाशी काही नाही. टर्बोकडून इंटरकूलरला जाणाऱ्या पाइपाच्या खालच्या पोटाला, जिथे तो एका लोखंडी पट्टीला टेकतो, तिथे बाटली गेली आणि फेस उसळला. आधी बारीक बुडबुडे, मग एकदम मुठीएवढा फेसाचा गोळा, फुटून परत तयार होणारा. हवा बंद केली की फेस विरायचा आणि पाइप पुन्हा साजूक दिसायचा. काढून हातात घेतला तरी चटकन सापडेना. अंगठ्याने आतून ताणला तेव्हा चीर दिसली, नखाएवढी रुंद, कडेने तेलकट काळी. पट्टीला घासून घासून वरचं रबर गेलं होतं, आतला दोरा तुटला होता. दाब नसताना तिचे ओठ मिटलेले, दाब आला की उघडे. म्हणूनच बाजारात ठीक आणि घाटात खलास.

नवा पाइप फिटवला, पट्टीच्या कडेवर जुन्या रबरी नळीचा तुकडा चिरून चढवला, क्लिपा दोन्हीकडे नव्या. पुन्हा साबण मारला, फेस नाही.

पुढच्या भाड्याला ट्रॉलीसकट चोर्ला. त्याच चढाला आकडा २०५ ते २१० च्या दरम्यान खेळत होता आणि गाडी दुसऱ्यात निघून गेली, काही ठिकाणी तर ड्रायव्हरने तिसरा टाकला. इथे त्याच्याशी माझा वाद आहे. त्याला आरपीएम पडेपर्यंत वरच्या गिअरात रेटायची सवय. डिझेल वाचतं म्हणतो. टर्बोला फिरायला एक्झॉस्टचा जोर लागतो, पंधराशेच्या खाली आमचं इंजिन हवा दाबतच नाही, हे मी त्याला मोबाइलवर दाखवलं. वळणाच्या आधीच गिअर उतरवायचा, वळणात नाही. एसी बंद. त्याला एसी बंद ठेवणं पटलेलं नाही.

उतरताना इंजिनाच्या ताकदीचा काही उपयोग नाही. आमच्या ट्रॉलीला चालत्या ब्रेकची सोय नाही, हँडब्रेक फक्त उभी करण्यापुरता. दीड टन मागून ढकलत येतात. कणकुंबीहून परत येताना घाट सुरू व्हायच्या आधीच गाडी दुसऱ्यात घालतो, ब्रेक अधूनमधून घट्ट दाबून सोडतो, पाय सतत टेकवून ठेवत नाही. पहाटे नाटक संपवून निघालेल्या ड्रायव्हरला झोप अनावर झालेली असते, म्हणून परतीला चालवायला मी बसतो. केरीला चहाला थांबलो की सहाही चाकांच्या हबजवळ हात धरून बघायचा, हे काम त्याचं.