रिकामा टब

मीलवर्मची (म्हणजे कोंबड्यांना खाऊ म्हणून घालतात त्या पिवळ्या अळ्यांची) माझी पहिली पिढी मी स्वतःच्या हातांनी खताच्या ढिगावर नेऊन ओतली. ती जिवंत होती. मला ते ठाऊक नव्हतं, कोंबड्यांना होतं.

आमच्या सातही कोंबड्या तीन दिवस ढिगाची तेवढी एकच बाजू उकरत होत्या. खाद्याच्या भांड्याकडे ढुंकूनही बघत नव्हत्या. आणि मी दारात उभी राहून म्हणत होते, गोम-बिम सापडली असेल. अजून आठवलं की चरफडायला होतं. म्हणून हे लिहितेय. मीलवर्म पाळणं अवघड नाही, पण मधे एक टप्पा असा येतो की माणूस हमखास फसतो, आणि त्याबद्दल मला आधी कुणी धड सांगितलं नव्हतं.

सुरुवातीचं थोडक्यात उरकते, कारण ती सोपीच असते. कोंबड्यांची पिसं झडत होती आणि अंडी जवळजवळ थांबली होती. पिसं म्हणजे बहुतेक सगळं प्रथिनच, त्यामुळे नवी पिसं येताना कोंबडीला प्रथिन जास्त लागतं. ताज्या अळीत साधारण वीस टक्के प्रथिन असतं आणि बाकी बरंचसं पाणी. वाळवलेल्या अळीत तेच पन्नास टक्क्यांच्या आसपास जातं. विकतच्या वाळक्या अळ्या नेहमी आणण्यापेक्षा घरीच वाढवू, म्हणून मी पाचशेएक जिवंत अळ्या आणल्या. गुळगुळीत भिंतींचा प्लास्टिकचा टब घेतला, त्यात चार बोटं गव्हाचा कोंडा आणि वर गाजराचे दोन-तीन तुकडे. या अळ्यांना गुळगुळीत प्लास्टिक चढता येत नाही, म्हणून झाकणाची गरज फक्त पाली, उंदीर आणि मुंग्या यांच्यासाठी. झाकणाला मोठं भोक पाडून जाळी लावायची, नाहीतर आत वाफ धरते.

सासूबाईंनी टबात डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, जन्मभर पिठातल्या अळ्या चाळून फेकल्या मी, आणि तू त्यांना गाजर घालतेस?"

त्यांचं काही चुकत नव्हतं. हा किडा मुळात साठवलेल्या धान्याची आणि पिठाची कीडच आहे. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने १७५८ साली त्याला टेनेब्रिओ मोलिटर हे नाव दिलं. त्यातला मोलिटर म्हणजे चक्कीवाला आणि टेनेब्रिओ म्हणजे अंधारात राहणारा. नावातच सगळं आलं: पीठ हवं आणि अंधार हवा. टब उजेडात ठेवलात तर सगळ्या अळ्या तळाशी जातात आणि वरून काहीच दिसत नाही.

काही आठवड्यांत अळ्यांचे कोष झाले. कोष पांढुरका असतो, तो खात नाही, चालत नाही, हात लावला तर शेपूट तेवढं वळवतो. तो रोजच्या रोज वेचून वेगळ्या डब्यात ठेवायचा, कारण भुकेल्या किंवा तहानलेल्या अळ्या आणि भुंगेरे त्याला कुरतडतात. एक ते तीन आठवड्यांत कोषातून भुंगेरा निघतो. आधी पांढरा, मग तांबूस, मग चार-सहा दिवसांत काळा. पंख असतात, पण आमच्याकडे एकही उडाला नाही. इथपर्यंत सगळं छान चाललं होतं आणि मी ज्याला त्याला टब दाखवत फिरत होते.

आणि मग काहीच झालं नाही.

भुंगेऱ्यांना नवा कोंडा दिला. एक मादी आयुष्यात काहीशे अंडी घालते असं वाचलं होतं, त्यामुळे माझ्याकडे शंभरावर माद्या धरल्या तर किती अळ्या होतील याचे हिशेब मनात करून झाले होते. आठवडा गेला, दोन गेले. रोज सकाळी चहाच्या आधी मी कोंडा बोटाने उकरून बघायची. तीन आठवडे झाले. मग भुंगेरे एकेक करून मरायला लागले. ते दोन-तीन महिनेच जगतात आणि माझे बरेचसे आधीच म्हातारे झाले होते, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. मला वाटलं, रोग पडला. महिना-सव्वा महिन्यानंतर टबात उरलं काय, तर मेलेले भुंगेरे, थोडे जिवंत आणि कोंडा. जिवंत तेवढे वेचून घेतले आणि बाकी सगळा कोंडा खतात.

आता मला माहीत आहे की त्या कोंड्यात हजारो अळ्या होत्या. मीलवर्मचं अंडं जेमतेम दीड मिलिमीटरचं असतं, पांढरं आणि चिकट, म्हणजे त्याला कोंड्याचीच भुकटी चिकटते आणि ते कोंड्यासारखंच दिसतं. पंचवीस-सत्तावीस अंश उबेत ते आठवडा-दोन आठवड्यांत फुटतं. गारठ्यात त्याहून बराच वेळ लागतो. त्यातून निघणारी अळी म्हणजे पांढऱ्या दोऱ्याचा एक कण. पिवळी होऊन, वळवळताना दिसण्याइतकी व्हायला तिला पुढे कित्येक आठवडे जातात. "अंडी उबतात आणि अळ्या निघतात" असं एका ओळीत लिहून मोकळे होणाऱ्यांवर माझा राग आहे तो याच्यासाठी. त्या दोन शब्दांच्या मधे दीड महिना बसलेला असतो.

हे मला कळलं तेही माझ्या हुशारीने नाही. धाकटीने शाळेत दाखवायला म्हणून त्या कोंड्यातला मूठभर कोंडा आणि दोन भुंगेरे एका बरणीत भरून नेले होते. ती बरणी दप्तरातून निघून कपाटावर गेली आणि विसरली. दुसरा घोळ निस्तरत असताना (तो पुढे सांगते) ती हाताला लागली. आत बोटाच्या पेराएवढ्या सोनेरी अळ्या खच्चून भरल्या होत्या. कुणी गाजर घातलं नव्हतं, कुणी पाहिलं नव्हतं. मी खाली बसलेच.

तर तो दुसरा घोळ. पहिल्या वेळी कोंडा कोरडा पडला असेल, अशी मी समजूत करून घेतली होती. म्हणून वाचलेल्या भुंगेऱ्यांना दुसऱ्या टबात घातलं आणि गाजर दुप्पट, बटाट्याच्या फोडी, वर फवाऱ्याने पाणी. दहा दिवसांत टबाच्या कडेला फिकट तपकिरी धूळ दिसायला लागली. पुसली, पुन्हा आली. भिंग लावून पाहिलं तर धूळ चालत होती. हे धान्यातले पिठ्या माइट्स, डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव. ओल मिळाली की ते असे वाढतात की टब नुसता त्यांचाच होतो. तो टब टाकला, आणि तो टाकणं मात्र बरोबर होतं. तेव्हापासून फवारा बंद. पाणी फक्त गाजरातून. तुकडा कापून तासभर उघड्यावर सुकवायचा, मग कागदाच्या तुकड्यावर ठेवायचा, आणि बुरशी दिसण्याची वाट न बघता दोन दिवसांत काढून टाकायचा. नवा कोंडा आणला की आधी दोन-तीन दिवस फ्रीझरमध्ये, मग पूर्ण सुकू द्यायचा आणि घट्ट बंद डब्यात ठेवायचा. रॅकच्या पायांना व्हॅसलीनचा जाड थर. मुंग्याही त्यानेच अडतात.

तिसऱ्या वेळी मी भुंगेऱ्यांसाठी वेगळी सोय केली. एका टबाचा तळ कापून तिथे चाळणीची जाळी चिकटवली आणि तो दुसऱ्या टबावर बसवला. भुंगेरे वर राहतात, अंडी आणि बारीक कोंडा खाली पडतो. यामुळे अंडी खाल्ली जाण्याचं प्रमाण कमी होतं. भुंगेरे स्वतःचीच अंडी खातात, त्याला काही इलाज नाही. दर दोन आठवड्यांनी खालचा टब बदलायचा. आणि मग वाट बघायची.

त्या टबात जीव आहे की नाही, हे कळायच्या तीन खुणा मला सापडल्या. एक, कोंड्याचा एका बाजूला उतरता ढीग करायचा, दिवा बंद करून दोन मिनिटं थांबायचं आणि मग टॉर्च आडवा धरायचा. उतारावरचे कण आपोआप घरंगळताना दिसतात. दोन, गाजराची पातळ चकती रात्रभर ठेवायची आणि सकाळी उलटी करायची. खालची बाजू खरवडल्यासारखी दिसते, आणि नशीब असेल तर पांढरे धागे चिकटलेले असतात. तीन, तळाला बारीक वाळूसारखी भुकटी साठते. ती त्यांची विष्ठा. ती वाढतेय म्हणजे कुणीतरी खातंय. ही भुकटी झाडांना खत म्हणून चालते, फेकू नका. पण चाळताना तोंडाला मास्क लावा. मी पहिल्यांदा तसंच चाळलं आणि संध्याकाळपर्यंत शिंकत होते. कोळंबी-खेकड्यांची किंवा धुळीतल्या माइट्सची ॲलर्जी असेल त्यांना या अळ्यांचाही त्रास होऊ शकतो, हे नंतर कळलं.

आणखी एक, हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. अळ्या आणताना "जायंट" म्हणून मिळतात त्या घेऊ नका. त्यांना बहुधा वाढीचं संप्रेरक दिलेलं असतं. त्याने अळी मोठी होत राहते आणि कोष करत नाही, आणि केला तरी पुढची पिढी निपजण्याचा भरवसा नाही. खाऊ घालायला ठीक, पाळायला नाही. सुपरवर्म म्हणून मिळतात ती तर वेगळीच जात. त्या गर्दीत असल्या की कोष करतच नाहीत, एकेकटी वेगळी ठेवावी लागते.

कोंबड्यांना किती द्यायच्या, तर मी एकीला दिवसाला आठ-दहा देते, पिसं झडताना थोड्या जास्त. एकूण खाण्याच्या दहा टक्क्यांच्या वर वरचा खाऊ जाऊ नये. पहिली भरघोस पिढी हाती आली तेव्हा मी आनंदाने मुठी-मुठीने टाकल्या. परिणाम असा की बाईसाहेबांनी खाद्य सोडलं आणि अंड्यांची टरफलं पातळ झाली. अळीत कॅल्शियम अगदी कमी आणि फॉस्फरस त्याच्या कितीतरी पट. अंड्यावरच्या कोंबडीला मात्र खाद्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम लागतं. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत कायम ठेवलेला बरा.

"त्या जिवंत अळ्या पोट फोडून बाहेर येतात म्हणे," असं सासूबाईंनी कुठूनसं ऐकलं होतं. नाही येत. चोचीतून वाचली तरी पेषणीत (कोंबडीच्या पोटातल्या अन्न भरडणाऱ्या भागात) खडे आहेतच. तिथे संपतं.

अळ्या जास्त झाल्या की थोड्या कोंड्यासकट डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवते. सात-आठ अंशांत त्या नुसत्या पडून राहतात, वाढ थांबते. आठवड्यातून एकदा बाहेर काढून दिवसभर गाजर खाऊ द्यायचं आणि परत आत. डब्यावर मोठ्या अक्षरांत नाव लिहा. आमच्याकडे एकदा लिहिलं नव्हतं, आणि त्या प्रसंगाबद्दल नवरा अजून बोलत नाही.

आता रॅकवर पाच टब आहेत. प्रत्येकावर चिकटपट्टी, तिच्यावर भुंगेरे काढल्याची तारीख आणि त्याखाली पुढच्या आठ आठवड्यांची तारीख, तोवर टाकू नये अशा सूचनेसह. ती सूचना माझ्यासाठीच आहे. सगळ्यात खालच्या टबाची तारीख यायला अजून अकरा दिवस आहेत, आणि वरून बघितलं तर त्यात नुसता कोंडा आहे. आज सकाळपासून मी दोनदा टॉर्च मारून आले.