विषाचं सोडा, मिठाचं बघा

"चावतो का?" हा पहिला प्रश्न आणि "मग ठेवलायसच कशाला?" हा दुसरा. घरात विषारी मासे आहेत असं एकदा तोंडातून निघून गेलं की पाहुण्यांचं चहापोह्यांवरचं लक्ष उडतं, आया पोरांना टँकपासून मागे खेचतात, आणि एखादा मामा असतोच ज्याला टीव्हीवर पाहिलेला स्टोनफिश आठवतो आणि मग तो पुढची वीस मिनिटं सगळ्यांना सांगत बसतो की त्याच्यावर पाय पडला की माणूस गेलाच समजा. मामा, तो वेगळा. हा स्कॅट, आमच्या टँकमध्ये असे दोन आहेत.

पूर्ण नाव स्कॅटोफॅगस आर्गस. प्राण्यांना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत पाडणाऱ्या लिनिअसने १७६६ साली याची नोंद केली, म्हणजे आपल्या पानिपतानंतर पाचच वर्षांनी (उगाच आपलं, मला अशा तारखा जोडायची खोड आहे). कुवेतपासून जपानच्या दक्षिण टोकापर्यंत बंदरांत, खाड्यांत, खारफुटीच्या मुळांत हा राहतो, आणि त्यात आपला किनारा पण आलाच. लहान असताना अगदी गोल आणि चपटा, जुन्या रुपयाएवढा, चंदेरी-हिरवट अंगावर काळे ठिपके. दुकानात पिशवीत बांधलेला बघितला तर कुणी म्हणणार नाही की याच्यापाशी हत्यार आहे.

हत्यार म्हणजे काटे. पाठीवर दहा-अकरा, खाली शेपटीच्या अलीकडे चार, पोटाच्या जोडीच्या परांना एकेक. निवांत असला की पाठीवरचे मिटलेले असतात, दिसतही नाहीत. पण टँकसमोरून कुणी पटकन गेलं किंवा दोघांची खाण्यावरून जुंपली की फट्कन उभे राहतात, आणि तेव्हा नीट बघितलं तर प्रत्येक काट्याच्या अंगाला बारीक खाच दिसते. विष त्या खाचेपाशी, वरच्या कातडीखाली असतं. सापासारखं आत पिचकारी मारणं वगैरे काही नाही. काटा घुसला की वरची कातडी मागे सरते आणि विष जखमेत उतरतं, संपलं. म्हणजे आपण जाऊन टोचून घेतलं तरच. हा मासा आयुष्यात कुणाच्या अंगावर जात नाही, त्याचं म्हणणं एवढंच की मला गिळू नका. आणि विष टोचण्याचं आहे, खाण्याचं नाही, फिलिपिन्समध्ये याला किटांग म्हणतात आणि चवीने खातात.

तरी काळजी घ्यायची ती घ्यायचीच. हात टँकमध्ये घालायचा तर आधी दोघं कुठल्या कोपऱ्यात आहेत ते बघायचं. जाळीने पकडायचं नाही, काटे जाळीत अडकतात, मासा तडफडतो आणि सोडवायला आपण बोटं घालतो, म्हणजे आ बैल मुझे मार. सरळ प्लास्टिकचा मोठा जग घ्यायचा आणि पाण्यासकट उचलायचा. रबरी हातमोज्यांवर विसंबायचं नाही, त्यातून काटा आरपार जातो. आणि एवढं करून टोचलाच तर बर्फ लावायचा नाही, गरम पाणी. हाताला सोसेल इतकं, साधारण ४५ अंश, आणि त्यात अर्धा ते दीड तास हात बुडवून बसायचं, कारण हे विष प्रथिनांचं असतं आणि उष्णतेने ते मोडतं. पाणी किती गरम आहे ते न टोचलेल्या हाताने बघायचं, नाहीतर दुखण्याच्या नादात कळत नाही आणि वर भाजून घ्यायचं. मग डॉक्टर आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. हा सगळा मजकूर आमच्या फ्रिजच्या दारावर चिकटवलेला आहे, दूधवाल्याच्या हिशोबाच्या शेजारी.

गंमत म्हणजे घरात या विषाची सगळ्यात कमी भीती कुणाला असेल तर आईला. ती जैतापूरच्या खाडीकाठी वाढलेली. पहिल्यांदा टँकसमोर उभी राहिली, चष्मा वर-खाली केला आणि म्हणाली, "एवढं काय त्यात, शिंगाळ्याला पण काटे असतातच की." खरंय. शिंगाळ्याचे तीन काटे, पाठीवरचा एक आणि कल्ल्यांजवळचे दोन, आणि त्यांनाही विष असतं. आजी तो मासा हातात घ्यायच्या आधी कोयत्याने ते तीन काटे मोडायची आणि मगच पुढचं काम. पाकट (तो चपटा मासा, शेपटीत विषारी काटा असलेला) जाळ्यात आला की गडी पहिलं शेपटीकडे बघायचे. तिकडे कुणी "विषारी प्राणी" असं काही म्हणत नाही, म्हणतात "काटा मारतो हां", आणि कामाला लागतात. विष विष करून डोळे मोठे करणारी आम्ही सगळी माशाचे बिनकाट्याचे पॅकबंद तुकडे खाणारी माणसं. आईचा दुसरा प्रश्न अर्थातच कालवण होतं का हा होता, तो मी ऐकला नाही असं दाखवलं.

तर विषाचं एवढंच. खरा डोक्याला ताप आहे तो मिठाचा, आणि तो मात्र एकही पाहुणा विचारत नाही.

हा मासा ना धड नदीचा ना धड समुद्राचा. लहानपण खाडीच्या आतल्या गोडसर भागात काढतो आणि वाढेल तसा समुद्राकडे सरकतो. गोड्या पाण्यात असला की बाहेरचं पाणी अंगात घुसत राहतं, मग तो भरपूर पातळ लघवी करून ते बाहेर टाकतो आणि कल्ल्यांतून क्षार ओढून घेतो. खाऱ्या पाण्यात बरोब्बर उलटं, अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं, मग हा पठ्ठ्या समुद्राचं पाणी पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतून बाहेर फेकतो. भरती-ओहोटीला पाणी दिवसातनं कितीदा बदलतं, त्याप्रमाणे याच्या अंगातली यंत्रणा पण दिशा बदलते. मला यातलं नवल विषापेक्षा कितीतरी जास्त वाटतं. आणि दुकानदार सांगतो, "साध्या पाण्यात चालतो सर." चालतो, लहान आहे तोवर काही महिने चालतो. मग अंगावर बुरशी, खाणं बंद, आणि आपण म्हणायचं मासा नाजूक होता.

म्हणून मीठ. ते पण स्वयंपाकघरातलं नाही, त्यात आयोडीन असतं, मोकळं राहावं म्हणून आणखी काही घातलेलं असतं, आणि मुळात समुद्र म्हणजे नुसतं मीठ नव्हे, त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, कार्बोनेट सगळं लागतं, तेव्हा समुद्री टँकचं वेगळं मीठ पोत्याने आणायचं. (दादर चौपाटीवरून कॅन भरून आण, फुकट आहे, असा सल्ला मिळालेला आहे. दादरच्या त्या पाण्यात मी माझी चप्पल बुडवणार नाही.) समुद्राच्या पाण्यात लिटरमागे ३५ ग्रॅम क्षार असतात, मला सध्या १५ पुरतात. २०० लिटरच्या टँकला तीन किलो झाले, आणि दर आठवड्याला पाव पाणी बदलायचं म्हणजे पुन्हा पाऊण किलो. ते टँकमध्ये तसंच ओतायचं नाही, आदल्या रात्री बादलीत क्लोरीन काढलेल्या पाण्यात मिसळून पंप लावून ठेवायचं, आणि ती बादली ठेवायला घरात बाथरूमशिवाय जागा नाही, आणि सकाळी सगळ्यात आधी आंघोळीला बायको जाते. पुढचं लिहीत नाही.

मे महिन्यात अजून मजा. पाणी उडून जातं पण मीठ उडत नाही, ते खालीच राहतं, म्हणजे पाणी कमी झालं की खारेपणा वाढतो. म्हणून भर घालायची ती साध्या पाण्याची. काचेवर स्केचपेनने रेघ मारलेली आहे, रोज सकाळी त्या रेघेपर्यंत. हे साधं पाणी की मिठाचं हे घरातल्या प्रत्येकाला समजावून झालंय आणि तरी मी बाहेरगावी गेलो की फोन येतोच. शिवाय ते मीठ पाण्यात गप्प बसत नाही. बुडबुडे फुटतात तिथे झाकणाच्या कडेला पांढरे खरखरीत पापुद्रे धरतात, तिथून ते वायरीवर चढतात, स्टँडच्या स्क्रूवर गंज येतो, पलीकडे ठेवलेल्या गणपतीच्या चांदीच्या फ्रेमला पण मध्यंतरी आलं होतं. ओल्या फडक्याने पुसायचं, चार दिवसांनी परत तेच. वर खाऱ्या पाण्याने पीएच चढतो आणि चढलेल्या पीएचला माशांच्या अंगातून पाण्यात येणारा थोडासुद्धा अमोनिया जास्त घातक ठरतो, म्हणून फिल्टरची वेगळी सरबराई.

एवढं करून मिळतं काय, तर दोन हावरट मासे. हे मात्र मान्य करायला पाहिजे की असला खादाड आणि माणसाळलेला मासा दुसरा नसेल. मी खोलीत आलो की दोघं काचेला नाक लावून उभे, वर-खाली, वर-खाली. उकडलेले मटार (साल काढून हां), पालक, कोळंबीचे तुकडे, शेवाळ, काहीही. टँकमध्ये हौसेने लावलेली झाडं आठवड्याच्या आत देठापर्यंत खाल्ली. बायको येते तेव्हा पण नाचतात, ती म्हणते मला ओळखतात, मला वाटतं डबा ओळखतात.

आणि वाढतात. पुस्तकात कमाल ३८ सेंटिमीटर लिहिलंय, घरात एवढे होत नसतील कदाचित, पण तळहाताच्या बाहेर आत्ताच गेलेत. म्हणजे पुढचा टँक पाच बाय दोन बाय दोन फुटांचा तरी पाहिजे, साडेपाचशे लिटर, पाण्याचंच वजन साडेपाचशे किलोच्या वर, काच आणि स्टँड वेगळं. भिंतीलगत, बीमच्या रेषेत ठेवला तर हरकत नाही असं एका इंजिनिअर मित्राने फोनवर सांगितलंय, लिहून द्यायला तयार नाही. बीमच्या रेषेत सध्या सोफा आहे. टेप लावून बघितलं, सोफा सव्वापाच फूट, जागा अगदी बसते. बायकोला अजून सांगितलेलं नाही, आईला सांगितलं, ती म्हणाली बघ बाबा, मी खुर्चीवरच बसते.