केमो थांबली, सलाईन थांबलं नाही

"फिश या जनुकांच्या तपासणीचा रिपोर्ट यायला दहा दिवस लागतील. तोवर केमो सुरू करायची नाही," असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मी मनातून फार चिडले होते. स्तनाचा कॅन्सर यकृतापर्यंत पोचलेला, म्हणजे चौथी स्टेज, आणि आपण दहा दिवस नुसतं बसायचं? आज वाटतं, ते थांबले म्हणून मला योग्य औषध मिळालं.

बायोप्सीत हर-टू नावाच्या प्रथिनाचं प्रमाण 'टू प्लस' आलं होतं. शून्य आणि वन प्लस निगेटिव्ह धरतात, थ्री प्लस पॉझिटिव्ह, आणि टू प्लस म्हणजे अधांतरी. मग त्याच तुकड्यावर फिश करावी लागते. माझी पॉझिटिव्ह आली. तुमच्या घरात कुणाच्या रिपोर्टवर टू प्लस असेल, तर पुढची तपासणी झाली का, हे आवर्जून विचारा.

डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे एक गोल काढला, त्यावर काटे काढले. "हे हर-टू. 'वाढा, वाढा' हा निरोप पेशीच्या आत पोचवणारं प्रथिन. तुमच्या गाठीतल्या पेशींवर ते नको तितकं आहे. ट्रास्टुझुमॅब त्याच्या एका जागी चिकटतं. पर्टुझुमॅब दुसऱ्या जागी चिकटतं, म्हणजे त्याला शेजारच्या प्रथिनाशी जोडी जमवता येत नाही. आणि डोसिटॅक्सेल ही केमो पेशीला दुभंगून वाढू देत नाही." पहिली दोन औषधं म्हणजे अँटीबॉडी, हर-टूला नेमकं चिकटणारी प्रथिनं. दोन अँटीबॉडी आणि एक केमो, दर एकवीस दिवसांनी.

किती जगेन, हा आकडा मीच मागितला. ह्यांना तो ऐकायचा नव्हता. क्लिओपात्रा नावाच्या चाचणीत 808 रुग्ण होत्या. ट्रास्टुझुमॅब आणि केमो घेणाऱ्यांपैकी निम्म्या जणींनी 40.8 महिने ओलांडले, पर्टुझुमॅबची जोड मिळालेल्यांपैकी निम्म्या जणींनी 56.5. मी लगेच मुलीची बारावी कुठे येते ते मोजलं.

आम्ही साताऱ्याचे, उपचार पुण्यात. पहाटे निघायचं, रात्री परत. पहिला दिवस सगळ्यात लांबला, कारण अँटीबॉडीचा पहिला डोस मोठा असतो आणि हळू सोडतात. माझं वजन 58 किलो. ट्रास्टुझुमॅब पहिल्यांदा किलोमागे 8 मिलिग्रॅम, म्हणजे 464. नंतर किलोमागे 6, म्हणजे 348. पर्टुझुमॅब वजनावर नसतं, सगळ्यांना आधी 840 आणि मग 420. सलाईन सुरू असताना मला हुडहुडी भरली. सिस्टरनी वेग कमी केला, दोन पांघरुणं घातली, अर्ध्या तासात थांबली.

डोसिटॅक्सेलने नखं जातात, असं शेजारच्या खाटेवरच्या ताईंनी सांगितलं होतं. म्हणून दुसऱ्या खेपेपासून डॉक्टरांना विचारून, बोटं गार ठेवायला, घरून थर्मासच्या डब्यात गोठवलेल्या मटारच्या पिशव्या नेल्या. जुन्या सुती साडीचे तुकडे गुंडाळून, केमो चालू असेपर्यंत दोन्ही हात त्यात. बोटं बधिर व्हायची, डोळ्यांत पाणी यायचं. सिस्टर येता-जाता म्हणायच्या, "ताई, थोडा वेळ बाहेर काढा, मग परत घाला." हाताची नखं वाचली. पायांना काही बांधलं नव्हतं, दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडून गळाली.

केस गेले, त्याचं मला वाटलं होतं तेवढं दुःख झालं नाही. जुलाबांनी मात्र रडवलं. पर्टुझुमॅबने ते होतात, आणि मी लाजेपोटी आठवडाभर कुणाला बोलले नाही. सासूबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी तांदळाची पेज, ताक आणि मीठ-साखरेचं पाणी यांवर ठेवलं, आणि ह्यांना डॉक्टरांना फोन करायला लावला. तिसऱ्या केमोनंतर रात्री 101 ताप आला. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात तेव्हा सकाळची वाट बघायची नसते. आम्ही तशीच रात्री गाडी काढली. चार दिवस अॅडमिट होते.

सहा केमोंनंतर स्कॅनमध्ये यकृतावरचे डाग निम्म्याहून लहान झालेले दिसले. डोसिटॅक्सेल थांबलं. घरात पुरणपोळी झाली. आणि एकवीस दिवसांनी मी पुन्हा त्याच खुर्चीत, दोन अँटीबॉडी घेत. औषध काम करतंय आणि अंगाला सोसतंय तोवर ती चालूच ठेवायची असतात. हे आम्हाला आधी सांगितलं होतं, पण कानावरून गेलं होतं.

इथेच विमा अडला. "केमो संपली, आता डे-केअरचा (रात्री न राहता घेतलेल्या उपचारांचा) क्लेम बसत नाही," असं उत्तर आलं. केमोच्या खेपा मंजूर करणाऱ्या त्याच कंपनीने अँटीबॉडीला नकार दिला. इंजेक्शनने द्यायच्या मोनोक्लोनल अँटीबॉडी, म्हणजे माझ्यासारखी औषधं, विम्यातून वगळता येणार नाहीत, असं विमा नियामकाने 2019 मध्येच ठरवलेलं आहे. कंपनीला फार तर रकमेची मर्यादा घालता येते. भावजींनी हे शोधून काढलं. डॉक्टरांचं पत्र जोडून तक्रार केली, आणि दोन महिन्यांनी पैसे मिळाले, तेही मर्यादेपुरतेच. आजारी बाईला कागदांसाठी इतकं पळवणं मला आजही पटत नाही.

दुसरी गोष्ट हृदयाची. या औषधांनी हृदयाची पंपिंगची ताकद उतरू शकते, म्हणून दर तीन महिन्यांनी टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. माझी 62 टक्क्यांवरून 45 वर आली, आणि मला साधी धापही लागत नव्हती! इको केला नसता तर कळलंच नसतं. डॉक्टरांनी एक डोस गाळला, हृदयाच्या गोळ्या सुरू झाल्या. तीन आठवड्यांनी 53. दोन डोसांत सहा आठवड्यांची फट पडल्यामुळे पुन्हा पहिल्यासारखा मोठा डोस घ्यावा लागला, पुन्हा तो लांबलचक दिवस.

गल्लीतल्या काकू भेटल्या की विचारतात, "संपलं का गं सगळं?" मी म्हणते, "नाही काकू, चालू आहे. चांगलं चालू आहे." त्यांचा चेहरा पडतो, मग त्यांना समजावून सांगते. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मुलगी लाल पेनाने एकवीस दिवसांचे गोल करते. काल तिने नवीन वर्षाचं कॅलेंडर लावलं आणि पहिल्या तीन महिन्यांचे गोल काढून ठेवले. मार्चच्या गोलाशेजारी बारीक अक्षरात लिहिलंय, 'इको', आणि खाली 'बारावीचा शेवटचा पेपर'.