तोंड ते तिनंच शे ना!
आज सुट्टी होती म्हणून वहिनीला गाडीवर अंगणवाडीत घेऊन गेलो, पुतणी दोन वर्षांची, तिचा घरी न्यायचा आहार घ्यायचा होता. वाटलं पाच मिनिटांचं काम, गेले दोन तास. जुलै २०२५ पासून अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर ॲपवर आईचा चेहरा मॅच झाल्याशिवाय पाकिटं मिळत नाहीत. चेहऱ्याआधी केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, त्याचा ओटीपी जातो आधारला जोडलेल्या नंबरवर, आणि तो नंबर दादाचा, दादा सुरतला मिलमध्ये, फोन बंद. जेवणाच्या सुट्टीत एकदाचा लागला तर तोवर ओटीपीची वेळ संपलेली, परत पहिल्यापासून.

मग फोटो. डोळे मिचकवा म्हणे. वहिनी मिचकवतेय, सेविका ताई मोबाईल घेऊन नेटवर्कसाठी निंबाखाली जातायत, ॲप गोल गोल फिरतंय. शेजारची एक म्हातारी, नातसुनेबरोबर आलेली, वैतागून अहिराणीत म्हणाली, "तोंड ते तिनंच शे ना, मंग हाऊ डबडा का ओळखस नही तिले!" सगळ्या हसल्या, ताई पण.

मी डिजिटलच्या विरोधात नाहीये बरं का, पुतणीच्या वेळचे मातृवंदना योजनेचे, म्हणजे बाळंतपणासाठी सरकार देतं ते पैसे थेट खात्यात आले होते, कोणाच्या पाया पडावं लागलं नाही. खोटी नावं गाळायची तेही पटतं. पण साध्या आहाराला सरकारचा दर पोराला दिवसाला ८ रुपये, तीव्र कुपोषित असेल तर १२, आणि तेवढ्यासाठी बाईने मजुरी बुडवून चेहरा दाखवत बसायचं? अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा आहे, त्यात हा आहार हक्क म्हणून लिहिलाय.

चौथ्यांदा हिरवी टिक आली. पुतणी तोवर माझ्या खांद्यावर झोपून गेली होती.