पणजीत सहा रात्री, पाच सामने

परतीचं तिकीट आधी काढू नका. हा एक सल्ला घेतलात तर पुढचं नाही वाचलंत तरी चालेल. टेनिस खेळणाऱ्या पोरीबरोबर जाणाऱ्या माणसाला आपण घरी कधी परतणार ते माहीत नसतं. शनिवारी हरली तर शनिवारी, आणि जिंकत राहिली तर पुढच्या शनिवारी. गणितही उलटंच: जिंकलं की खर्च वाढतो, हरलं की वाचतो.

मी सावंतवाडीची, भाची कोल्हापूरची. वय एकोणीस, उजव्या हाताची, बॅकहँड दोन्ही हातांनी. बोलणं अस्सल कोल्हापुरी, म्हणजे "मावशी, मी आलो, मी जेवलो." पणजीतल्या राष्ट्रीय मानांकनाच्या स्पर्धेत तिनं नाव घातलं आणि ताईचा फोन आला, "तुझ्यापासून दोन तासांवर आहे, जाशील का?" मी रजा टाकली. टेनिसमधलं मला तेव्हा फक्त पंधरा-तीस-चाळीस कळत होतं. सहा दिवसांत जे शिकले ते इथं लिहिते, कारण पहिल्यांदा जाणाऱ्या आई-बाबांना हे कुणी आधी सांगत नाही.

ही स्पर्धा देशातली. जागतिक क्रमवारीचे गुण तिथं मिळत नाहीत. मग कशाला जायचं? तर शिडीची खालची पायरी अशी आहे: व्यावसायिक टेनिसमध्ये मुलींसाठी सगळ्यात खाली डब्ल्यू१५ नावाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा असतात. एकूण बक्षीस १५,००० डॉलर. मुख्य फेरीत पहिलाच सामना हरलात तर हातात दीडशेच्या आसपास डॉलर आणि शून्य गुण. एक सामना जिंकलात तर एक गुण. अख्खी स्पर्धा जिंकणारीला १५, आणि ग्रँड स्लॅम जिंकणारीला २,०००. आमच्या पोरीकडे दोन स्पर्धांतले मिळून दोन गुण आहेत, तरीही डब्ल्यूटीएच्या, म्हणजे महिला टेनिसच्या जागतिक क्रमवारीच्या, यादीत नाव नाही. कारण तिथं यायला किमान तीन स्पर्धांत गुण लागतात, नाहीतर एकूण दहा. म्हणजे दोन गुण असलेली मुलगी कागदावर नसतेच. तिसऱ्या स्पर्धेत जागा मिळवायची तर पात्रता फेरीच्या यादीत घुसावं लागतं, आणि तिथं देशातलं मानांकन कामाला येतं. म्हणून पणजी.

प्रवासाचं फार सांगण्यासारखं नाही. सावंतवाडीहून बांदा, पत्रादेवीचा नाका, पेडणे, म्हापसा करत बस पणजीच्या कदंब स्थानकात सोडते. पर्वरीत उन्नत मार्गाचं काम चालू होतं, त्यामुळं शेवटच्या काही किलोमीटरना आधीच्या सगळ्या वाटेइतकाच वैताग. मुंबईहून रेल्वेनं येणार असाल तर उतरायचं स्टेशन करमळी. मडगावला उतरलात तर पुन्हा तासाभराची बस आली. विमानानं येत असाल तर तिकिटावर दाबोळी लिहिलंय की मोपा ते आधी बघा. दोन्ही 'गोवा'च, पण एक दक्षिणेला आणि एक पार उत्तरेच्या टोकाला.

ओला-उबर गोव्यात नाहीत. गोवामाइल्सचं टॅक्सीचं ॲप टाकून ठेवा, पण सकाळी सातला गाडी मिळेलच असं धरू नका. आमचं भागलं ते पायलटवर. पायलट म्हणजे मोटरसायकलची टॅक्सी, पुढचा मडगार्ड पिवळा. पहिल्या सकाळी सहा रॅकेटची ती ढोलासारखी बॅग बघून पायलटमामा हसले. "बाय, खंय वचपाचें?" मिरामार म्हटल्यावर त्यांनी बॅग पुढं टाकीवर आडवी घेतली, भाची मागं, आणि दुसऱ्या पायलटवर मी, हातात पाण्याचा कॅन. रोज हीच वरात. तुम्ही स्कूटर भाड्यानं घेणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची भाड्यानं देणं बेकायदा आहे, आणि पोलिसानं अडवलं तर वेळ तुमचा जातो, सामना तुमचा जातो.

राहायला कळंगुट-बागा नको. स्वस्त खोली दिसते, फोटोत समुद्र दिसतो, आणि रात्री दोनपर्यंत गाणी. पणजीतच राहा: सांतिनेज, ताळगाव, मिरामारची मागची बाजू. तारखाही बघा. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, असतो, तेव्हा पणजीत खोल्यांचे भाव चढतात. कार्निव्हलच्या शनिवारी मिरवणुकीसाठी रस्ते बंद होतात. डिसेंबरअखेरचं तर बोलायलाच नको. आम्ही फेब्रुवारीत गेलो, कार्निव्हल टाळून. तरी एक फटका बसलाच: ज्या लॉजचं बुकिंग केलं होतं तिथं गेल्यावर "तुमचं नाव नाही" म्हणून सांगितलं. पैसे भरल्याची पावती दाखवून काही झालं नाही. शुक्रवारी संध्याकाळी बॅगा घेऊन सांतिनेजच्या गल्ल्या हिंडलो आणि एका घरी वरच्या मजल्यावर खोली मिळाली, रोजचे १,६०० रुपये. ऑनलाइन बुकिंग केलंत तरी आदल्या दिवशी फोन करून खात्री करा, आणि एकेका रात्रीवर वाढवता येईल असंच ठरवा.

फटका कसला, लॉटरीच लागली म्हणायची. त्या घरच्या काकींनी शनिवारी सकाळी सहाला विचारलं, "खेळणारी पोर काय खाऊन जाते?" पोर केळी आणि ब्रेडवर निघाली होती. काकींनी उकड्या तांदळाची पेज आणि वर मिस्कुटाची, म्हणजे कैरीच्या लोणच्याची, फोड दिली. पाणी, मीठ, भात, सगळं एका वाटीत. महागड्या पावडरी यापेक्षा वेगळं काय देतात कुणास ठाऊक. त्यानंतर रोज पेज. तुम्हाला अशी काकी मिळेलच असं नाही, तेव्हा पहाटेची सोय आदल्या रात्रीच करा. पोई (गोव्याचा पाव) आणि केळी घेऊन ठेवा, पणजी काही पहाटे उठणारं गाव नाही. सामना संपल्यावर मात्र चंगळ. कॅफे तातोची भाजी आणि पाव, किंवा मासळीची थाळी आणि सोलकढी. रात्री गाड्यावरचं रस ऑम्लेट, म्हणजे शाकुतीच्या रश्श्यातलं ऑम्लेट, भाचीला फार आवडलं, पण दुसऱ्या दिवशी सामना असेल तर मी अर्ध्यावरच उठवायचे. चिकन शाकुतीचा रस पोटात गेल्यावर ड्रॉप शॉटमागं कोण धावणार?

आता मुख्य त्रासाकडं येते: दमट हवा. कोल्हापूरच्या कोरड्या थंडीतून आलेल्या पोरीला पहिल्याच सामन्यात चेंडू "कापसाच्या गोळ्यासारखा" लागत होता. दमट हवेत चेंडूवरची लव फुगते, चेंडू जड होतो, आणि जोरात मारूनही पुढं जात नाही. हात घामानं सरकतो. तिनं ग्रिप दर दोन-तीन गेमनंतर पुसली, एका सामन्यात तीन ओव्हरग्रिप (मुठीवर गुंडाळायच्या पट्ट्या) संपल्या. दुपारी एकनंतर समुद्रावरचा वारा सुरू होतो आणि एका टोकाला सर्व्हिससाठी उडवलेला चेंडू डोक्यामागं जातो. सकाळचा सामना म्हणजे घामाशी झुंज, दुपारचा म्हणजे वाऱ्याशी. तेव्हा निदान दोन दिवस आधी या आणि दोन्ही वेळांना सराव करा. आम्ही आदल्या संध्याकाळी आलो ते चुकलंच.

आणि हो, गोव्याची दुपार. एक ते चार पणजीतली बरीच दुकानं बंद, रविवारी तर बाजार सामसूम. रविवारी पात्रतेची दुसरी फेरी, सामन्याला दीड तास, आणि ओव्हरग्रिप शून्य. अठरा जून रस्त्यापासून मळा भागापर्यंत मी उन्हात फिरले, एक शटर उघडं नव्हतं. शेवटी जिच्याशी सामना होता तिच्याच बाबांनी बॅगेतून दोन ग्रिप काढून दिल्या. नागपूरचे होते. त्यांची मुलगी हरली, ६-३, ६-४, तेव्हा मला त्यांच्याकडं बघवेना. ते मात्र म्हणाले, "ताई, डझनभर घेऊन ठेवत जा." तर घेऊन ठेवत जा. रॅकेटच्या ताराही घरूनच आणा. भाचीच्या पॉलिएस्टरच्या तारा तुटायच्या आधीच मरतात, म्हणजे दिसायला शाबूत, पण चेंडूला फेक नाही. तीन रॅकेट ताज्या विणून आणल्या होत्या म्हणून निभावलं.

वेळापत्रकाचं सांगायचं राहिलं. उद्याचे सामने आदल्या संध्याकाळी व्हॉट्सॲपवर येतात. पहिल्या सामन्याला वेळ असते, नंतरच्यांना फक्त 'त्यानंतर'. मंगळवारी आमचा सामना कोर्टवर चौथा होता. आधीचे दोन सामने तीन-तीन सेट चालले आणि भाची सकाळी नऊपासून दुपारी अडीचपर्यंत बदामाच्या झाडाखाली बसून राहिली. खायचं किती, झोपायचं का, कधी गरम व्हायचं, हे सगळं तिचं तिनं ठरवायचं. वर असलेल्या खेळाडूंबरोबर कोच असतो, फिजिओ असतो. इथं मावशी असते. पात्रतेत लाइन अंपायरही नसतो, आपल्या बाजूचा चेंडू आत की बाहेर ते खेळाडूनंच ओरडून सांगायचं. यावरून भांडणं होतात. पालकांनी कुंपणाबाहेरून तोंड घालू नये. मी एकदा घातलं, सुपरवायझरनं समज दिली आणि भाचीनं संध्याकाळपर्यंत अबोला धरला.

पैशाचं स्पष्ट सांगते. सहा रात्री, खाणं, पायलट, बस, प्रवेश फी मिळून १७ हजारांच्या आसपास गेले, आणि हे दोन तासांवरच्या गावात, कोचशिवाय. बक्षिसातून खोलीचं भाडंही पूर्ण निघालं नाही. सुमित नागलनं २०२३ मध्ये सांगितलं होतं की त्याच्या खात्यात ९०० युरोच उरलेत, तेव्हा तो भारताचा एक नंबरचा खेळाडू होता. पुढच्याच जानेवारीत त्यानं ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये मानांकित बुब्लिकला हरवलं आणि फेब्रुवारीत चेन्नईची चॅलेंजर (मुख्य दौऱ्याच्या एक पायरी खालची स्पर्धा) जिंकून पहिल्या शंभरात आला. हे लोक हौसेनं सांगतात. त्या नऊशे युरोंच्या आधीच्या वर्षांबद्दल कुणी बोलत नाही. आपल्याकडची उदाहरणंही आहेत: बार्शीची प्रार्थना ठोंबरे २०१४ च्या एशियाडमध्ये सानिया मिर्झाबरोबर कांस्य घेऊन आली, ऋतुजा भोसलेनं २०२३ मध्ये हांगझोउला रोहन बोपण्णाबरोबर सुवर्ण. भाचीच्या कपाटावर दोघींचे फोटो आहेत. मला मात्र आता ते बघताना त्यांच्या बसच्या तिकिटांचा हिशेब कुणी ठेवला असेल असं वाटतं.

गुरुवारी उपांत्यपूर्व फेरी. समोर सोळा वर्षांची मुलगी, दातांना तार, सर्व्हिस मात्र तोफ. पहिला सेट आमचा, दुसरा तिचा. तिसऱ्यात ५-३ पुढं, सर्व्हिस आमची, आणि वारा सुरू झाला. दोन डबल फॉल्ट, एक फोरहँड जाळीत, बघता बघता ५-७. भाचीनं हात मिळवला, बॅग भरली, माझ्याशेजारी येऊन बसली.

"दमलीस गं."

"दमलो नव्हतो मावशी. घाबरलो."

मी पाण्याची बाटली दिली. अशा वेळी बोलू नये, एवढं सहा दिवसांत शिकले होते.

पण गुरुवार म्हणजे आणखी एक काम. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत नाव घालायची मुदत असते स्पर्धेच्या सोमवारच्या अठरा दिवस आधीचा गुरुवार, आपल्या घड्याळात संध्याकाळचे साडेसात. नाव काढून घ्यायचं तर पुढच्या मंगळवारपर्यंत. एकाच आठवड्यातल्या अनेक ठिकाणी नाव घालून पसंतीक्रम देता येतो. हे सगळं मोबाईलवरच होतं, आणि आमची बस सात वाजता पर्वरीच्या गर्दीत उभी, बॅटरी नऊ टक्के. पॉवर बँक बॅगेत, बॅग बसच्या टपावर.

भाचीनं तीन ठिकाणं टाकली. एक भारतातलं, दोन ट्युनिशियातल्या मोनास्तीरची. तिथं जवळपास प्रत्येक आठवड्याला स्पर्धा असते, एकाच हॉटेलात महिनाभर राहून चार खेळता येतात. विमान महाग, पण दर आठवड्याला गाव बदलण्यापेक्षा परवडतं, असं तिचं म्हणणं. मी वाद घातला नाही. सात सव्वीसला तिनं बटण दाबलं, पावतीचा स्क्रीनशॉट काढला आणि उरलेल्या चार टक्क्यांत घरी फोन लावला.

"आई, मी हरलो. हां, क्वार्टरला. ते सांगतो नंतर. तीन रॅकेट विणायला टाकायच्यात उद्या. आणि माझा पासपोर्ट कुठाय ते जरा बघून ठेव."