खाड्याची वही

आमच्या वसतिगृहाच्या मेसमध्ये, हात धुवायच्या बेसिनशेजारी, खिळ्याला दोरीने बांधलेली एक लांबट वही लटकत असते. सलग तीन दिवस जेवायला येणार नसाल तर आधी तिच्यात नाव, खोली, तारखा आणि ‘सकाळ’ की ‘संध्याकाळ’ एवढं लिहायचं. महिन्याच्या बिलातून तेवढे पैसे वजा होतात. मी विद्यापीठाच्या विद्यार्थी विकास विभागात नऊ वर्षं काम करते. मेसच्या दरवाढीवर किती बैठका घेतल्या असतील त्याला गणती नाही, पण ती वही मी कधी उघडून पाहिली नव्हती. फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी पाहिली.

त्या दिवशी दुपारी तीनला एका कंपनीचे लोक येणार होते. मेसच्या मागे बायोगॅस प्रकल्प बसवायचा आमचा प्रस्ताव चार महिने त्यांच्याकडे होता. 2013च्या कंपनी कायद्यातल्या कलम 135 प्रमाणे ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. मार्च जवळ आला की या पैशांची हालचाल वाढते, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत आमच्यासारख्यांची धावपळ असते. मागणी साडेदहा लाखांची होती, रोज 100 किलो उष्टं पचवणाऱ्या संयंत्रासाठी. त्यांनी एकच गोष्ट मागितली होती: एका दिवसाचं प्रत्यक्ष वजन. अंदाज नको, आकडा हवा.

म्हणून सकाळी अकरालाच मी भांडारातला वजनकाटा उचलून मेसमध्ये नेऊन ठेवला. निळं पिंप ठेवलं. तेवढ्यात ताटं घासणाऱ्या मावशींनी विचारलं, “मॅडम, ताटातलं आणि पातेल्यातलं एकत्रच टाकायचं का?”

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी समजावलं. ताटातलं म्हणजे मुलांनी टाकलेलं, त्याला हात लागलेला. पातेल्यातलं म्हणजे कुणाच्याच ताटात न गेलेलं. आपण ‘उष्टं’ म्हणून एकाच पिंपात लोटतो, पण त्यातलं निम्मं उष्टं नसतंच. मी दुसरं पिंप मागवलं.

अडीच वाजता वजन झालं. ताटातलं 21 किलो. पातेल्यातलं 17 किलो. दुसऱ्या पिंपात मी वाकून बघितलं. वर पोळ्यांची चळत होती, अजून मऊ, घडीसुद्धा न मोडलेल्या. खाली मोकळा शिजलेला भात आणि त्यावर ओतलेली मुगाची आमटी, कोथिंबीर तशीच हिरवी. अन्नाचा असा नुकता शिजलेला वास कचऱ्याच्या पिंपातून येतो तेव्हा घशाशी काहीतरी अडकतं.

“एवढं का उरतं?” मी मेसवाल्या अण्णांना विचारलं.

“310 जणांचे पैसे भरलेले असतात मॅडम, मी 310चं शिजवतो. त्यातली चाळीस-पन्नास पोरं न सांगता बाहेर खाऊन येतात. वहीत लिहिलं तर मी कमी करीन की. खाडा लिहिणारी वेगळी आणि न येणारी वेगळी.”

“लिहिणारी कोण?”

अण्णांनी काही न बोलता दोरीची गाठ सोडली आणि वही माझ्या हातात दिली.

गावी गेलेल्यांचे खाडे ओळखू येतात: दोन्ही वेळा, चार-पाच दिवस, लग्नसराईत जास्त. पण काही नावांपुढे फक्त ‘संध्याकाळ’ होतं. 3 तारखेपासून 28 पर्यंत. मागच्या पानावर जानेवारीत तेच नाव, तेच शब्द. गावी गेलेली मुलगी दुपारचं जेवायला येत नाही. म्हणजे ही मुलं इथेच आहेत, दुपारी जेवतात आणि रात्रीचं जेवण विकल्यासारखं परत करतात. एका जेवणाचे 50 रुपये. मी मोजली, अकरा नावं. त्यातल्या एका नावाच्या अक्षराची मला ओळख होती. ‘कमवा आणि शिका’ योजनेतून ती मुलगी आमच्याच विभागात रोज दोन तास फायली लावायला येते. एमएस्सीची, मराठवाड्यातली. रोज साडेपाचला तिला चहा विचारते मी. जेवणाचं कधी विचारलं नव्हतं.

तीनला पाहुणे यायचे होते. पावणेतीनला मी तिच्या खोलीवर गेले.

“अगं, रात्री काय खातेस?”

तिने आधी “खाते ना मॅडम” म्हटलं. मग मी नुसतीच पलंगाच्या कडेला बसून राहिले, तेव्हा तिने कपाटातून स्टीलचा डबा काढून माझ्यापुढे धरला. चुरमुरे, त्यात थोडे शेंगदाणे. शेजारी बरणीत घरची जवसाची चटणी. “वडिलांचं शिवणकाम दिवाळीनंतर बसतं. मार्चमध्ये पुन्हा लग्नाची गिऱ्हाईकं येतात. तोपर्यंतच. 1,300 रुपये वाचतात महिन्याचे.” हिशोब तिने अगदी सरळ सांगितला. मग म्हणाली, “कुणाला सांगू नका.”

शिष्यवृत्ती नाही का, असं वाचणाऱ्याच्या मनात येईल. आहेत, योजना आहेत. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. ती सुरू झाली तेव्हा मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला 60,000 रुपये ठरले, त्यातले 32,000 भोजनाचे. ज्यांनी ही योजना आखली त्यांना जेवणाचा वेगळा आकडा लिहावासा वाटला, याचं मला नेहमी मोल वाटतं. पण ही मुलगी त्या गटातली नव्हती आणि ती तर वसतिगृहात राहत होती. आणि कुठलीही योजना घ्या, रक्कम हप्त्याने येते, मेसचं बिल महिन्याला आणि भूक रात्री आठला.

तिथून परत येताना मला लख्ख दिसलं की माझ्या प्रस्तावात एक मोठी चूक आहे. रोज 100 किलोचं संयंत्र बसवलं की त्याला रोज 100 किलो लागणार. जिवाणूंना खाडा चालत नाही. उद्या मी मुलांना समजावून उष्टं कमी केलं तर संयंत्र उपाशी राहणार, आणि कंपनीला अहवालात दाखवायला गॅस कमी पडणार. म्हणजे अन्न वाया जात राहावं यात माझ्याच प्रकल्पाचा फायदा होता. मी ते सगळं कौतुकाने लिहिलं होतं: भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेलं ‘निसर्गऋण’ तंत्र, आधी गरम पाण्यात उष्टं पातळ करून मग हवाबंद टाकीत सोडायची त्याची दोन टप्प्यांची पद्धत, डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने दाखवून दिलेलं की भात-पोळीसारख्या पिष्टमय खरकट्यातून शेणापेक्षा कितीतरी लवकर गॅस मिळतो. ही दोन्ही कामं मोठी आहेत आणि मला आजही त्यांचा अभिमान आहे. पण ती खरकट्यासाठी आहेत. घडी न मोडलेल्या पोळीसाठी नाहीत.

पाहुणे दोघे होते, एक वयस्क सर आणि एक तरुण मुलगी, हातात टॅब घेतलेली. मी त्यांना आधी मेसमागची जागा दाखवली, मग दोन पिंपं. मग कुलसचिवांच्या परवानगीची वाट न बघता (ते मी नंतर सांगितलं, आणि त्याबद्दल ऐकूनही घेतलं) म्हणाले, “सर, मला संयंत्र निम्म्या क्षमतेचं हवंय. उरलेल्यातून जेवणाचा निधी हवाय.”

ते थांबले. त्यांची अडचण त्यांनी प्रामाणिकपणे सांगितली. संयंत्र ही वस्तू आहे. ती लागली की दिसते, तिच्यावर पाटी लागते, लेखापरीक्षकाला दाखवता येते. जेवण रात्री खाल्लं की सकाळी काही उरत नाही. शिवाय आज अकरा, उद्या चाळीस झाले तर? आणि पुढच्या वर्षी पैसे आले नाहीत तर?

मी म्हटलं, “कायद्याच्या सातव्या परिशिष्टात भूक आणि कुपोषण हटवणं हे पहिल्याच बाबीत आहे. पर्यावरण त्याच्या खाली, चौथ्या बाबीत.” तरुण मुलीने टॅबवर ते काढून सरांना दाखवलं. मग मी पाकिटाच्या पाठीवर हिशोब लिहिला: अकरा जण, एका वेळेचे 50 रुपये, महिन्याचे 26 दिवस, दहा महिने. 1,43,000 रुपये. आमच्या अंदाजपत्रकात संयंत्रावरची शेड, कुंपण आणि उद्घाटनाचा चौथरा मिळून याच्याहून जास्त रक्कम होती.

त्यांना मी नाव कुणाचंच सांगितलं नाही. पण साताऱ्याच्या बोर्डिंगातल्या मुलांचं पोट भरावं म्हणून कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं, हे मात्र सांगितलं. आमच्या ‘कमवा आणि शिका’चं मूळ त्याच घरात आहे. सर कऱ्हाडकडचे निघाले. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “माझे वडील रयतच्या वसतिगृहात होते.”

पुढचा तासभर नुसता कामाचा गेला, आणि मला वाटतं तोच सगळ्यात महत्त्वाचा होता. गॅस तयार झाला तर 19 किलोची निदान दोन सिलिंडर महिन्याला वाचतील. पण सिलिंडर विकत घेतात अण्णा, म्हणजे बचत त्यांच्या खिशात. ती निधीत यायची तर कंत्राटात कलम हवं. अण्णांना बोलावलं. ते म्हणाले, “निम्मी माझ्याकडे राहू द्या, टाकी ढवळायला माणूस मलाच ठेवावा लागेल. निम्मी पोरांच्या जेवणाला घ्या.” मला ते रास्त वाटलं. पैसे भरून न येणाऱ्यांनी सकाळी दहापर्यंत कळवलं तर त्या जेवणाचे अर्धे पैसे परत आणि अर्धे निधीत, हे तरुण मुलीने सुचवलं. मला सुचलं नसतं.

राहिला प्रश्न कुणाला द्यायचं आणि कसं. सर म्हणाले, अर्ज मागवा, उत्पन्नाचा दाखला घ्या. इथे मी अडून बसले. माझे आजोबा वारावर जेवून शिकले. सात वारांची सात घरं. बुधवारच्या घरची बाई न विचारता दुसऱ्यांदा भात वाढायची, आणि शनिवारच्या घरी तिसरी पोळी घेतली की वाढणारीचा हात क्षणभर थांबायचा. ऐंशीव्या वर्षीही आजोबांना तो थांबलेला हात आठवायचा. आमच्या मेसमध्ये वेगळ्या रंगाचं कूपन, वेगळी रांग, भिंतीवर यादी यातलं काही चालणार नाही, एवढं मी लिहूनच घेतलं. निधी खात्यात येईल, बिलात नुसती तेवढी रक्कम कमी दिसेल. नावं फक्त रेक्टर बाई आणि मला माहीत.

कंपनीने 50 किलोचं संयंत्र आणि दोन वर्षांचा जेवणाचा निधी मंजूर केला. तिसऱ्या वर्षाचं काय, हे त्यांनी लिहून दिलेलं नाही. तेवढं गॅस आणि परतीच्या पैशांतून निघेल असं मला वाटतं, पण हातात नाही.

मार्चच्या 1 तारखेला रात्री मी मुद्दाम मेसमध्ये थांबले. ती आली, ताट घेतलं, रांगेत उभी राहिली. मावशींनी तिच्या ताटात दोन पोळ्या टाकल्या आणि तिसरी हातात धरून नुसतं तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही, आणि मीही दुसरीकडे बघत वहीची पानं चाळत राहिले. ‘संध्याकाळ’ लिहिलेलं नवं नाव एकच होतं. त्या मुलाशी उद्या बोलायचं आहे.

रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. हिशोबात मी 26 दिवस धरले ते त्यामुळे. अण्णांच्या माणसांना आठवड्यात तेवढीच सुट्टी मिळते, ती मी मागू शकत नाही. त्या चार रात्रींचं काय करायचं, हा विषय मंगळवारच्या बैठकीत पहिला ठेवला आहे.